निर्यात हवी, पण तपासूनच

संरक्षण निर्यातीवरील आपला अग्रलेख वाचला. २०२४-२५ मध्ये ही निर्यात २३,६२२ कोटी रुपयांवर गेली, याचा आनंद आहेच. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्याकडे आशेने पाहणाऱ्या आमच्या मुलांनाही त्यातून काम मिळावे. मात्र शस्त्रे घेणारा देश मित्रराष्ट्र असला की पुरे, हा अग्रलेखातील सूर पटला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या शस्त्र व्यापार करारावरील मतदानात २०१३ मध्ये भारत तटस्थ राहिला. दहशतवाद्यांबाबत करार ढिला आहे, हा भारताचा आक्षेप रास्तच होता. पण विकलेले शस्त्र सामान्य नागरिकांवर चालेल का, हे आधी तपासण्याची त्यातील अट आपल्या कायद्यात का नसावी? इस्रायलला होणाऱ्या शस्त्रनिर्यातीविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये फेटाळली. परराष्ट्र धोरणात न्यायालय पडणार नाही, अशी त्यामागची भूमिका होती. मग निदान संसदेने तरी निर्यात परवान्यांचा तपशील दरवर्षी मागावा.

– एक वाचक, परभणी