सुप्रमा मिळतात, पाणी कधी मिळणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

अधिवेशन आलं की पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वर मागितलेला जादा पैसा, ठरलेल्याच. जून २०२४ च्या अखेरीस राज्याचं बजेट मांडलं आणि पंधरा दिवस व्हायच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मग बजेट करताना नेमका कसला हिशोब केला होता?

आमच्या भागातलं वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरणच घ्या. १९८३ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च ३७२ कोटी, १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, २००९ ला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, नंतर खर्च गेला १८,४९४ कोटींवर आणि २०२५ मध्ये पुन्हा सुप्रमा, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, आता २५,९७२ कोटी. भिजवायचं होतं अडीच लाख हेक्टर, ते अजून पूर्ण भिजलेलं नाही. दर वेळी कारणं तीच, भाववाढ, भूसंपादनाचे वाढीव दर, संकल्पचित्रात बदल. पण काम वेळेत झालं असतं तर भाववाढ एवढी लागलीच नसती ना!

आमच्या शिवारात नहर, म्हणजे कालवा, आली, पण शेतापर्यंत पाणी नेणारी पाटचारी आमच्या धानाच्या बांध्यांच्या दोन शेतं आधीच थांबलीय कारण मधल्या गटाचं भूसंपादन झालंच नाही. पलीकडचा तुकडा मात्र सिमेंट लावून तयार आहे आणि त्यात बेशरमाची झुडपं माजलीत. रोवणीच्या टायमाला पावसानं दडी मारली की लोक नहरीवर इंजिन लावून पाणी ओढतात, डिझेल ज्याचं त्याचं, आणि ज्याच्याकडे इंजिन नाही त्याचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, उन्हात करपतात.

जमीन ताब्यात आल्याशिवाय काम सुरू करू नये हे बांधकाम नियमावलीत आधीपासून लिहिलेलं आहे, सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं पण कितीदा तरी सांगून झालंय. तरी आधी टेंडर, मग भूसंपादन. वर नवीन कामाला हजार रुपयाची टोकन तरतूद टाकायची, नारळ फोडायचा, आणि पैसा इतक्या कामांत वाटला जातो की कुठल्याच कामाला पुरत नाही, बिलं थकतात, ठेकेदार मशीन उचलून निघून जातो.

माझं म्हणणं एवढंच, ज्या खात्याची जुनी कामं अर्धवट आहेत त्याला दोन वर्षं नवीन काम देऊच नका, अगदी आमच्या आमदारांनी मागितलं तरी नको. जे काम ७५ टक्क्यांच्या वर झालंय त्याला आधी पूर्ण पैसे द्या. आणि प्रत्येक कामाची मूळ किंमत, आजची किंमत, किती बिलं थकली, कोणत्या गटाची जमीन बाकी आहे, ही यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. सुप्रमा देताना उशीर कोणत्या टेबलावर झाला ते पण त्यात लिहा.

आपला,
एक धान उत्पादक शेतकरी
ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर