कोमट पाण्याचा हातमोजा

ब्रदर,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. छातीवर पट्टी होती, पण त्या वेळी डोळ्यांसमोर अक्षरं ठरत नव्हती. म्हणून कॅज्युअल्टीत सगळे हाक मारतात तीच मारते. आई मात्र तुम्हाला अजून ‘तो बाबू’च म्हणते.

तुमच्याकडे एका रात्रीत कितीतरी येऊन जात असतील, म्हणून खूण सांगते. जानेवारीची थंडी, रात्रीचा दीड, अंगात दोन स्वेटर, वरून शाल आणि गळ्यात ऑफिसचं आयकार्ड. एवढ्या रात्री आयकार्ड कशाला, असं तुम्ही विचारलं नाहीत. आता सांगते. मी नोकरी करते, महिन्याला पगार येतो, नशेसाठी इंजेक्शन मागणारी ‘तसली’ मी नाही, हे तोंड उघडायच्या आधी कळावं म्हणून ते घातलं होतं. केसही विंचरले होते. मांडीची हाडं आतून फुटत असताना आईकडून वेणी घालून घेतली आणि मग रिक्षात बसले. ही अक्कल मला जुलैत आली.

जुलैत मी पावसात भिजले आणि दुसऱ्या दिवशी सिकलसेलचा, म्हणजे माझ्या जन्मजात रक्ताच्या आजाराचा, क्रायसिस सुरू झाला, हाडांत असह्य कळा. रूममेट मला जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. नाव लिहीत नाही. काचेचे दरवाजे होते आणि आत एसी कडाक्याचा. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना सांगितलं, सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न, म्हणजे आईबाप दोघांकडून आलेला, दुखण्यावर मला ट्रामाडॉल लागतं, इतकं लागतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘नाव बरं पाठ आहे!’ मग माझा हात उलटा करून कोपरापाशी सुयांच्या खुणा पाहिल्या. लहानपणापासून इतक्या सलाइन लागल्यात की शिरा सापडतच नाहीत, खुणा तेवढ्या सापडतात. मी मोबाईलमध्ये जुन्या रिपोर्टचा फोटो शोधत होते, तर म्हणाले, ‘एवढं दुखतंय तर मोबाईल कसा बघवतो?’ पडद्यापलीकडे रूममेटला हळू आवाजात विचारलं, ‘आधी कुठे कुठे जाऊन आलीये?’ चार तासांनी पॅरासिटामॉल मिळालं आणि मानसोपचाराची चिठ्ठी. पुढचं सांगत नाही. दोन दिवसांनी दुसरीकडे ॲडमिट झाले एवढं पुरे.

ते डॉक्टर दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. खोटं सांगून इंजेक्शन मागणारे येतात, तेही मला ठाऊक आहे (आणि तेही आजारीच असतात, पण तो वेगळा विषय). २०१८ पासून ट्रामाडॉलही अमली पदार्थांच्या कायद्यात आलंय, तेव्हा लिहिताना हात आखडत असेल. पण शंका फक्त आमच्याच वाट्याला का? आमचं दुखणं दिसत नाही. हाड मोडलेलं नसतं, एक्सरे साफ येतो, बीपी ठीक. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्तच जात नाही, हे बाहेरून कोण बघणार? रडलं तर नाटक, आणि नाही रडलं तर दुखत नसेल. आवाज किती काढायचा याचं मापच कळत नाही.

आमच्या विदर्भात, ब्रह्मपुरीकडे, निदान नाव काढलं तर लोक ओळखतात. लहानपणी घरचे त्याला वात समजायचे, मग तपासणी झाली, कार्ड मिळालं. २०२३ पासून केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाची मोहीम काढलीये, सात कोटी लोक तपासायचं ठरवलं होतं. चांगलंच आहे. पण रात्री दीड वाजता पुण्यात त्या कार्डाकडे बघायला कुणीतरी हवं. आणि दिलासा म्हणून सांगते, साहेबाच्या देशातही वेगळं नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून लेखी सूचना आहे की क्रायसिसमध्ये आलेल्या सिकलसेलच्या पेशंटला अर्ध्या तासात वेदनाशामक मिळालं पाहिजे. तरी २०१९ मध्ये लंडनच्या एका हॉस्पिटलात एकवीस वर्षांच्या मुलानं कॉटवरूनच ॲम्ब्युलन्सच्या नंबरला फोन लावून ऑक्सिजन मागितला होता. तो गेला. दिलासा म्हटलं खरं, कसला दिलासा!

असो. तुमच्याकडे वळते.

मी आल्या आल्या तेच सगळं म्हटलं. सिकलसेल, एसएस, ट्रामाडॉल, इतकं. म्हटलं आणि डोळे मिटून घेतले, कारण पुढचा प्रश्न मला पाठ होता. तुम्ही म्हणालात, ‘बरं झालं ताई, लक्षात ठेवलंत. माझं काम वाचलं.’

ब्रदर, हे वाक्य मी त्या रात्रीनंतर किती वेळा मनात म्हटलंय, तुम्हाला कल्पना नाही. ज्या पाठांतरामुळे जुलैत मी चोर ठरले, त्याला तुम्ही हुशारी म्हणालात. मग तुम्ही फोनवर डॉक्टर मॅडमशी बोललात तेही ऐकलं. ‘नंदुरबारकडे धडगावला असताना पाहिलेत मॅडम असे पेशंट, थांबवायला नको.’ मॅडम आल्या, त्यांनी लिहून दिलं. त्यांचेही आभार.

पण मला सांगायचंय ते त्या हातमोज्याचं. माझी शीर मिळेना. तुम्ही हात उलटा केलात, त्या सगळ्या खुणा तुमच्यासमोर होत्या, आणि मी अंग आवळून घेतलं. तुम्ही काहीच बोलला नाहीत. उठून गेलात. मला वाटलं, गेले, आता कुणाला तरी बोलावून आणतील. तर तुम्ही रबरी हातमोज्यात कोमट पाणी भरून, वर गाठ मारून घेऊन आलात. आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिलात, आई बाळाचं दूध बघते तसं. मग तो माझ्या तळहातावर ठेवलात, ‘धरून ठेवा, शीर येईल वर,’ म्हणालात आणि पलीकडच्या कॉटवर ज्याच्या डोक्याला टाके पडत होते त्याच्याकडे गेलात.

पाच बोटांचा, फुगलेला, कोमट हात. मी तो धरून बसले. एरवी हसूच आलं असतं, गाईच्या कासेसारखा दिसत होता. पण सहा महिन्यांत डॉक्टरी खोलीत माझ्या हाताला लागलेली ती पहिली गरम वस्तू होती. ब्रदर, मी वेदनेनं रडले नव्हते, तिथे रडले. पाणी गार झालं तेव्हा न सांगता तुम्ही बदलून आणलंत. एकदा नव्हे, दोनदा. दुसऱ्या वेळी माझी कॉटही एसीच्या झोताखालून सरकवलीत. थंडीनं आमचं वाढतं, हे मी सांगितलं नव्हतं.

शीर मिळाली. इंजेक्शन गेलं. आईनं तुम्हाला विचारलं, ‘जेवला का बाबू? पोरीचे हाडं फुटून राह्यले होते, तू देवासारखा भेटला.’ तुम्ही म्हणालात, ‘मावशी, देव नका म्हणू, चहा सांगा.’ आणि दोघंही हसलात. मी पडल्या पडल्या ऐकत होते.

तसं त्या रात्री आणखी एक माणूस भेटला. रिक्षावाले काका. प्रत्येक स्पीडब्रेकरला रिक्षा जवळजवळ थांबवून मग पलीकडे घेत होते. कुणी सांगितलं नव्हतं. मागून माझा आवाज ऐकला असेल, एवढंच. त्यांनीही विचारलं नाही की खरंच एवढं दुखतंय का. मला वाटतं चांगल्या माणसांना पुरावा उशिरा लागतो, आधी ते रिक्षा हळू करतात. त्यांचं नावही विचारायचं राहिलं. आमच्या घरात ही खोडच आहे.

सकाळी मला जाग आली तेव्हा तुमची ड्यूटी संपली होती. हातमोजा उशाशी होता, गार पडलेला. सिस्टर तो कचऱ्यात टाकायला निघाल्या तर आई म्हणाली, राहू द्या. तो तिनं रिकामा करून, पुसून तिच्या पिशवीत ठेवला. काय करणार आहे, विचारलं तर म्हणाली, ‘असू दे.’

परवा ती गावाहून परत आली तेव्हा तुमच्यासाठी करंज्या घेऊन आली. तुमची रात्रपाळी संपली होती म्हणे, त्यामुळे डबा गेटवरच्या सिक्युरिटीवाल्या दादांकडे दिलाय. घेऊन जा. करंज्या वाटून खा, पण डबा तेवढा परत करा. झाकणावर आईचं लग्नातलं नाव कोरलेलं आहे आणि तो हरवला तर ती तुम्हाला काही बोलणार नाही, मलाच बोलेल.

तुमची,
आयकार्डवाली पेशंट