हरकत घ्यायला सातबारा लागतो का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला नागरिक मंडळांवरचा लेख वाचला आणि फार वाईट वाटलं. शहरातली कामं मंडळांच्या हरकतींमुळे रखडतात, मंडळांत वेळ जात नसलेले निवृत्त लोक असतात, त्यांना आपल्या गल्लीपलीकडचं काही दिसत नाही, असं लेखक म्हणतात. आमच्या वसाहतीच्या मंडळाची कार्यवाह म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे. हरकत कशी घेतली जाते आणि पुढे तिचं काय होतं, हे लेखकांनी एकदा सुनावणीला बसून पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

आमच्या वसाहतीमागून ओढा वाहतो. तो पाइपात घालून वरून रस्ता काढायचा, असा शहराच्या विकास आराखड्यात फेरबदल निघाला. आमच्या मंडळात एक निवृत्त ओव्हरसियर आहेत. दर पावसाळ्यात पाणी जिथवर चढतं, तिथे ते पंपघराच्या भिंतीवर तैलरंगाने रेघ मारतात आणि शेजारी साल लिहितात. सगळ्यात वरची रेघ माझ्या खांद्याला लागते. त्या भिंतीचे फोटो जोडून आम्ही हरकत दाखल केली. रस्ता नको, असं त्यात कुठेही लिहिलेलं नव्हतं. ओढा उघडा ठेवा, रस्ता थोडा पलीकडे सरकवा, तिथे सरकारी जागा मोकळी पडली आहे, एवढीच मागणी होती. ओव्हरसियरकाकांनी हाताने नकाशाही काढून दिला होता.

सुनावणीला आमचा पुकारा झाला. साहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमचा सर्व्हे नंबर कोणता?" आमची जमीन जात नाही, आम्ही मंडळातर्फे आलो आहोत, असं सांगितलं. "मग तुम्ही बाधित नाही. हरकत कशाची घेताय?" फोटोंचं पाकीट उघडायच्या आत पुढचं नाव पुकारलं गेलं. पाऊणशे वयाचे ओव्हरसियरकाका नकाशाची सुरळी हातात धरून तसेच उभे होते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा. त्याच्या कलम 37 प्रमाणे असा फेरबदल करताना कोणत्याही व्यक्तीकडून हरकती आणि सूचना मागवायच्या असतात. कोणत्याही व्यक्तीकडून! ज्याची जमीन जाते त्याला मोबदला मिळतो, त्याच्याशी बोलणीही होतात. ज्याच्या घरात पाणी शिरणार त्याचा सातबारा कुठून आणायचा? भाड्याने राहणाऱ्याने, झोपडीत राहणाऱ्याने काय दाखवायचं? अशांच्या वतीने बोलायलाच मंडळ असतं.

पुढे रस्ता झाला. पहिल्या मोठ्या पावसात पाइपाच्या तोंडाशी कचरा अडकला, पाणी मागे फुगलं आणि तळमजल्यांत शिरलं. कोपऱ्यावरच्या गिरणीत लोकांचे दळणाचे डबे तरंगत होते. पंचनाम्याला आलेल्या मंडळींनी पंपघराच्या भिंतीवरच्या रेघांचे फोटो काढून नेले. तेच फोटो आमच्या हरकतीला जोडलेले होते. आमच्याकडे जीवितहानी झाली नाही, हे नशीब. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याकाठच्या वस्त्यांवर काय ओढवलं, ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

मंडळं शेवटच्या क्षणी जागी होतात, हा लेखातला आरोप मला सर्वांत जास्त लागला. आधी विचारतं कोण? पुण्याचा प्रारूप विकास आराखडा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यावर सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. मुंबईचा 2015 मध्ये आला तेव्हा त्यातल्या चुका नागरिकांनीच नकाशे हातात घेऊन, गल्लोगल्ली फिरून दाखवल्या आणि काही आठवड्यांत तो नव्याने करायचे आदेश निघाले. ही माणसं नकाशावर रेघा ओढण्याआधी बोलावली असती तर एवढा वेळ आणि पैसा गेला नसता. मतदारांच्या क्षेत्रसभांची तरतूद राज्याने 2009 मध्येच कायद्यात केली. आमच्या भागात अशी सभा भरल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. पुण्यात 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं मागवतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यात बसतात ती पाच लाखांपर्यंतची कामं: बाक, दिवे, पदपथाची दुरुस्ती. बाक कुठे ठेवायचा ते आम्हाला कळतं, तर पाणी कुठून वाहतं तेही कळतं.

लेखातला एक मुद्दा मात्र खरा आहे. काही मंडळं फेरीवाले हटवा आणि रस्त्याला फाटक लावा, यापलीकडे जात नाहीत. आमच्याकडेही भाजीवाल्या मावशींना उठवायचा ठराव आला होता. मी त्याला उघड विरोध केला आणि पुढे दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. पण त्यावरचा मार्गही 2014 च्या पथविक्रेता कायद्यात आहे. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान चाळीस टक्के असतात आणि त्याच टेबलाशी रहिवासी संघटनांनाही जागा आहे. रस्ते, ओढे, मैदानं यांसाठीही असंच टेबल मांडा, आम्ही येऊ. तिथे फेरीवालेही येऊ देत, भाडेकरूही येऊ देत.

जाता जाता आपल्या दैनिकाबद्दलही एक तक्रार आहे. फेरबदलाच्या जाहीर सूचना आपल्याकडे आतल्या पानावर, निविदा आणि नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या गर्दीत, भिंग घेऊन वाचावं लागेल अशा टाइपात छापल्या जातात. सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर वाचून आपल्याच घरामागच्या ओढ्याबद्दल हे चाललंय, हे सामान्य माणसाला कळणार कसं? हरकतीसाठी महिनाभराची मुदत असते. आम्हाला ती सूचना दिसली तेव्हा त्यातले मोजकेच दिवस उरले होते, तेही पेपर रद्दीला घालताना नजर गेली म्हणून. जाहिरातीचा टाइप आपल्या हातात नसेल, हे मी समजू शकते. पण अशी सूचना ज्या दिवशी निघेल त्या दिवशी शहराच्या पानावर चार ओळींची बातमी देणं तर आपल्या हातात आहे. कोणता रस्ता, कोणत्या चौकापासून कुठपर्यंत, हरकत कुठे द्यायची आणि शेवटची तारीख कोणती, एवढं पुरे. वार्ताहराला वेळ नसेल तर सर्व्हे नंबरावरून जागा शोधून द्यायला आमचे ओव्हरसियरकाका तयार आहेत. मी त्यांना विचारूनच हे लिहिते आहे.

कळावे,
आपली,
एका नागरिक मंडळाची कार्यवाह