मेलबर्नहून आईला

ती. आईस साष्टांग नमस्कार.

माझा घसा उत्तम आहे. माइकशिवाय ऑपेरा, म्हणजे गाऊन केलेलं नाटक, गाऊन आवाज फाटेल ही भीती काढून टाक. इथे ओरडून गातच नाहीत. स्वर वर चढत गेला की सोप्रानो, म्हणजे सगळ्यांत उंच पट्टीची गायिका, जबडा जास्त उघडते. तोंडाच्या पोकळीचा नाद त्या स्वराशी जुळला की जोर न लावता आवाज सभागृहाच्या टोकापर्यंत जातो. त्यापायी वरच्या पट्टीत शब्द नीट कळत नाहीत, तेवढं सोसायचं.

आवाज बिघडतो तो न पेलणारी भूमिका घेतल्यामुळे. याच गावच्या नेली मेल्बा या जुन्या ऑपेरा गायिकेचं तसंच झालं. मूळ नाव हेलन मिचेल. ‘मेल्बा’ हे मेलबर्नवरून घेतलेलं. 1886 मध्ये पॅरिसला मातिल्द मार्केसी या गानशिक्षिकेकडे शिकली, 1887 मध्ये ब्रुसेल्सला ‘रिगोलेत्तो’ ऑपेरात गिल्डा म्हणून उभी राहिली. आवाज हलका, ताना मोत्यांसारख्या. पण डिसेंबर 1896 मध्ये न्यूयॉर्कला तिनं वाग्नरच्या ‘सीगफ्रीड’ ऑपेरातली ब्रुनहिल्डची भूमिका घेतली. ती भूमिका जड आवाजाची, वाद्यवृंदही दणदणीत. एकाच प्रयोगात गळा दुखावला. मग काही महिने गाणं बंद! पुन्हा ती त्या वाटेला गेली नाही, म्हणून 1926 मध्ये, पासष्टाव्या वर्षी, लंडनच्या कोव्हेंट गार्डन ऑपेरागृहात निरोपाचं गाऊ शकली. मला माझ्या आवाजाच्याच भूमिका देतात, बाबांनाही सांग.

इथली एक रीत तुला पटणार नाही. गाणं चालू असताना ‘वा’ नाही, ‘क्या बात है’ नाही, मान डोलावणंसुद्धा बेतानं. समेवर कुणी दाद देत नाही. आरिया, म्हणजे एकट्याचं मोठं गाणं, संपली की मात्र टाळ्यांचा कडकडाट. बाईला ‘ब्राव्हा’, पुरुषाला ‘ब्राव्हो’, दोघं मिळून गायले तर ‘ब्राव्ही’ म्हणायचं. मधली शांतता म्हणजे नाराजी नव्हे गं. कुजबुजलेला स्वरही माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचायचा असतो, म्हणून सगळे श्वास धरून बसतात.

मेल्बाची आई 1881 मध्येच गेली. लेकीचा एकही प्रयोग तिला ऐकायला मिळाला नाही. तू मे महिन्यात ये, तिकीट मी काढते.

कार्यालयाच्या उरलेल्या रकमेसाठी पन्नास हजार पाठवलेत, पोचले की कळव. ताईच्या लग्नाला मी नाही, हे तिला तूच सांग. माझ्याच्यानं फोनवर होत नाही. हळदीच्या दिवशी प्रयोग आहे, आणि माझ्या जागी उभं राहायला दुसरं कुणी नाही. माझ्या स्थळाचं दिवाळीनंतर बघू. पैठणी मात्र माझ्याच पैशांतून घ्या, मोरपंखी.

तुझी,
धाकटी