रविवारच्या श्रवणसत्राबाबत सूचना

सर्व सदस्यांना नमस्कार,
या रविवारी संध्याकाळी ठीक ६ वाजता नेहमीच्या जागी जमायचं आहे. विषय: जाझ ट्रॉम्बोनवादक जे. जे. जॉन्सन (१९२४–२००१, इंडियानापोलिस).

ट्रॉम्बोनला सनईसारखी भोकं नाहीत की ट्रम्पेटसारखे खटके नाहीत. लांब नळी मागेपुढे सरकवून सूर शोधायचा, त्यामुळे द्रुत लयीत हे वाद्य मागे पडणार असंच धरलं जायचं. जॉन्सन मात्र बीबॉप या द्रुत जाझ शैलीच्या वेगात एकेक सूर इतका सुटा वाजवायचे की अनेकांना ते खटक्यांचा ट्रॉम्बोन वाजवतात असं वाटे! बेनी कार्टर, मग काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांत ते घडले. तरी १९५२ ते ५४ ही दोन वर्षं पोटासाठी स्पेरी कंपनीत ब्ल्यूप्रिंट तपासण्याची नोकरी करावी लागली. डेन्मार्कमध्ये जन्मलेले ट्रॉम्बोनवादक काई वाइंडिंग यांच्याबरोबर १९५४ मध्येच दोन ट्रॉम्बोनची जोडी जमली आणि गाडी रुळावर आली. पुढे १९७० मध्ये कॅलिफोर्नियात जाऊन चित्रपट-मालिकांना संगीत दिलं. तो काळ आपण वगळणार आहोत, ऐकायला इतरच पुष्कळ आहे.

आधी १९५४ चं ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिससोबतचं ‘वॉकिन’, मग जॉन्सन यांचीच रचना ‘लॅमेंट’. ती संथ आहे, तेव्हा मोबाइल बंद ठेवा आणि चहा मध्यंतरातच घ्या.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवावं. खुर्च्या मोजक्याच आहेत.