गाडीखालचा काळा डाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला त्या सकाळी बाजाराच्या गेटात एक मुलगा मोटारसायकलवरून घसरला. मनगटाचं हाड मोडलं. जमलेले लोक म्हणाले, रस्ता ओला होता, वेग जास्त असेल. वेग जास्त नव्हता, मी बघत होतो. त्या जागी रोज पहाटे माझी पिकअप उभी असते आणि तिथे जो काळा डाग होता, तो माझ्या इंजिनातून गळलेल्या ऑइलचा होता. त्यावर पावसाचं पाणी पडलं की तेल पसरतं आणि चाकाला धरायला काही उरत नाही. त्या मुलाला मीच दवाखान्यात नेलं. खर्चही दिला, पण तेवढ्यानं मन हलकं झालं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

मी ओतूरजवळचा शेतकरी. टोमॅटो, कोथिंबीर, मेथी घेऊन माळशेज घाट उतरून कल्याणला जातो. कधी स्वतःचा माल, कधी शेजाऱ्यांचा. गाडी 2009 सालची आहे. एका खेपेला साठ-सत्तर क्रेट बसतात. नवी घेण्याची ऐपत नाही. आठ वर्षं उलटलेल्या मालवाहू गाडीचं फिटनेस दरवर्षी करावं लागतं, ते मी न चुकता करतो.

दोन वर्षं ती गळत होती. थेंब गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या मध्ये, क्लच हाउसिंगच्या खालच्या भोकातून पडायचे. ज्या मेस्त्रीला दाखवली त्यानं खाली वाकून एकदा पाहिलं आणि सांगितलं, क्रँकचं मागचं सील, म्हणजे तेल अडवणारं रबरी कडं, गेलं, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, क्लचप्लेटही बदलून टाकू. आठ हजारांचा अंदाज. हंगामात गाडी तीन दिवस उभी ठेवणं मला परवडत नव्हतं. मग मी दर आठवड्याला ऑइल मोजायची पट्टी बघून अर्धा लिटर ऑइल ओतत राहिलो. आमच्याकडच्या बहुतेक गाड्यांचं असंच चालतं. ऑइल ओतायचं, डागाकडे बघायचं नाही.

त्या अपघातानंतर मात्र बसून विचार केला. तेल वरून खाली वाहतं. पंख्याचा आणि धावत्या गाडीचा वारा त्याला मागे ढकलतो. म्हणजे थेंब पडतो तिथेच गळती असेल असं नाही. रविवारी इंजिन थंड असताना बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि डिझेल व ब्रशनं सगळी बाजू धुतली. यासाठी पेट्रोल चुकूनही वापरू नये. मग साबणाच्या पाण्यानं चिकटा काढला आणि कापडानं कोरडं केलं. त्यावर घरातली टाल्कम पावडर फुंकून बसवली. मुलगी रांगोळी घेऊन आली होती, पण रांगोळी दगडाची भुकटी, तिचा कण इंजिनात गेला तर नुकसान करेल, म्हणून परत पाठवली. बॅटरी जोडली, गाडी वीस मिनिटं चालू ठेवली, मग एक चक्कर मारून आणली. मुलीनं टॉर्च धरला आणि तिलाच आधी दिसलं. पांढऱ्या पावडरीवर एक काळी रेघ इंजिनाच्या डोक्यावरून, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघून थेट क्लच हाउसिंगवर उतरत होती. क्रँकच्या सीलचा काही संबंध नव्हता.

ज्यांची गाडी गळते त्यांनी आधी एवढं तरी करावं. रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका आणि सकाळी थेंबाचा रंग बघा. डिझेल इंजिनाचं ऑइल काळं असतं. गिअर ऑइल तपकिरी आणि उग्र वासाचं. स्टिअरिंगचं बहुतेक गाड्यांत लाल. नुसत्या रंगावरून अर्धा शोध लागतो.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग कडक होऊन तडकलं होतं. पण ते बदललं की काम संपलं असं मला वाटलं नाही, कारण चार वर्षांपूर्वीच नवं टाकलं होतं. त्याचं उत्तर ब्रीदरच्या पाइपात सापडलं. पिस्टनच्या कडेनं थोडा गॅस नेहमीच खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, उतरतो आणि तो ब्रीदरमधून बाहेर पडायला हवा. माझ्या गाडीचा पाइप काळ्या चिकट्यानं इतका भरला होता की तार आत जाईना. गॅसला वाट मिळाली नाही की आत दाब वाढतो आणि जिथे पॅकिंग कमजोर तिथून तेल बाहेर ढकलतो. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर सहा महिन्यांत पुन्हा तेच झालं असतं. पाइप डिझेलमध्ये रात्रभर बुडवून साफ केला. मग इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण ढिलं करून पाहिलं. हलकी फुंकर येत होती, धुराचा लोट नव्हता. लोट असता तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असं समजून मी मेस्त्रीकडेच गेलो असतो. ते घरी करायचं काम नव्हे.

कव्हर काढताना एक चूक मी जवळजवळ केलीच होती. ते चिकटून बसलं होतं आणि मी स्क्रू ड्रायव्हर घालणार होतो. ॲल्युमिनियमला एकदा ओरखडा पडला की तिथून कायमची गळती सुरू होते. लाकडाच्या तुकड्यानं चारी बाजूंनी हलके ठोके दिले तेव्हा सुटलं. जुनं पॅकिंग बांबूच्या कामटीनं खरवडलं, आत चिंध्या झाकून, म्हणजे तुकडे आत पडू नयेत. कव्हर काचेवर पालथं ठेवून वाकलं नाही याची खात्री केली. नवं रबरी पॅकिंग, बोल्टांखालचे नवे रबरी वॉशर, कोपऱ्यांना अगदी थेंबभर सिलिकॉन. सिलिकॉन सगळीकडे फासणारे खूप आहेत. आत ओघळलेला तुकडा चेंबरच्या जाळीत अडकला तर इंजिनाला तेलच मिळत नाही. बोल्ट मधून सुरू करून बाहेर, आधी हातानं आणि मग छोट्या पान्यानं, दोन फेऱ्यांत. जोर लावायचा नाही. जास्त आवळलं की पॅकिंग पिळून निघतं आणि घट्ट बसण्याऐवजी गळायलाच लागतं.

एकूण खर्च सातशेच्या आत. पुठ्ठ्यावर आठवड्यानं फक्त एक बारीक थेंब होता, तो ड्रेन बोल्टच्या जुन्या तांब्याच्या वॉशरचा. ऑइल बदलताना वॉशर नवा टाकला, आता पुठ्ठा कोरडा असतो. वॉशरसाठी गाडीखाली शिरावं लागलं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरू नये, हे कळकळीनं सांगतो. गाडीला आधार देणाऱ्या दोन लोखंडी घोड्या लावा आणि चाकांना दगड द्या.

संपादकसाहेब, आपल्या पुरवणीत दर आठवड्याला नव्या गाड्यांची माहिती येते. आमच्या तालुक्यातला भाजीपाला ज्या दहा-पंधरा वर्षं जुन्या गाड्यांवर चालतो, त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा तरी पाव पान द्या. पॅकिंग, ब्रीदर, ऑइल सील, एवढ्यावर लिहिलं तरी पुष्कळ.

आणि एक मागणी बाजार समित्यांकडे आहे. ऑइल बदललं की पाच-सहा लिटर जुनं तेल हाती उरतं. ते आमच्याकडे कुंपणाच्या खांबांना फासतात, नाहीतर खड्ड्यात ओततात, आणि खड्डा विहिरीपासून किती लांब आहे हे कुणी मोजत नाही. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. 1 एप्रिल 2024 पासून ते ठरावीक प्रमाणात शुद्ध करवून पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकलेली आहे. पण माझ्यासारख्यानं डबा घेऊन जायचं कुठे? पहाटे सगळ्या गाड्या बाजाराच्या आवारात येतातच. तिथे एक पिंप ठेवावं आणि नोंदणी असलेल्या तेल शुद्ध करणाऱ्याला महिन्यातून एकदा बोलवावं. पिंप पत्र्याखाली ठेवा आणि त्याला झाकण असू द्या, नाहीतर पावसाचं पाणी आत शिरेल आणि तेल वर तरंगून पुन्हा त्याच गेटात येईल.

आपला नम्र,
एक पिकअपवाला शेतकरी,
ओतूर परिसर, ता. जुन्नर, जि. पुणे