दबदबा ‘अखंड’ कधी होता?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला लेख वाचला. बीटल्सपासून आजवर अमेरिकेत ब्रिटिश गाण्यांचा दबदबा ‘अखंड’ राहिला, असं त्यात ठोकून दिलं आहे. माफ करा, पण लेखकाने बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या याद्या एकदा तरी चाळल्या होत्या का? २७ एप्रिल २००२ च्या पहिल्या शंभरात एकही ब्रिटिश गाणं नव्हतं. १९६३ नंतर पहिल्यांदाच! याला अखंड म्हणायचं?

१९८३ च्या जुलैत पहिल्या चाळीसातली निम्मी गाणी ब्रिटिश होती, हे खरं. पण एमटीव्ही या गाण्यांच्या वाहिनीला दिवसरात्र दाखवायला व्हिडिओ हवे होते आणि ते ब्रिटिश बँडांकडे तयार होते, म्हणून.

त्याच लाटेत क्वीन हा ब्रिटिश बँड अमेरिकेत बुडत होता, त्याचं लेखात अवाक्षर नाही. मी तेव्हा ओहायोत शिकत होतो. १९८५ च्या हिवाळ्यात एका दुकानात त्यांच्या ‘द वर्क्स’ या अल्बमची कॅसेट उरलेल्या मालाच्या खोक्यात पडलेली दिसली. डबीच्या कडेला करवतीची खाच, म्हणजे कंपनी परत घेणार नाही असा माल. किंमत ९९ सेंट. ती येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, “यांना आता इथे कोण विचारतं?” १९८० मध्ये याच क्वीनची दोन गाणी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली होती!

मी वाईचा. पसरणीचा घाट चढला की पाचगणी, तिथल्या शाळेत क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला. त्या मुलाला हे सांगितलं, तर त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही. १९८२ नंतर फ्रेडी असेतो क्वीनने अमेरिकेचा दौरा केलाच नाही. १९९१ च्या नोव्हेंबरात तो गेला, आणि पुढच्या वर्षी एका सिनेमामुळे क्वीनचं जुनं गाणं ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ तिथे दुसऱ्या क्रमांकावर पोचलं. माणूस गेल्यावर! हे सगळं गाळून ‘अखंड’ लिहिलंत, याचा मला राग आहे.

जाता जाता आणखी एक. हल्ली वाचकांच्या पत्रांची जागा जाहिराती खातात. माझं मागचं पत्र अर्ध्यावर तोडून छापलंत आणि मुद्दा नेमका उरलेल्या अर्ध्यात होता. हे कृपया पूर्ण छापावं.

आपला,
एक जुना वाचक, वाई